चीक

शनिवारी शुद्धलेखन.
मास्तर सांगायचे: केळी, शाळा, काळा, फळा.
मी घरी ऐकू यायचं तसं लिहायचे:
केयी, शाया, काया, फया.

हर्षलच्या वहीतही एकदा केयी निघाली.
मास्तर हसले. म्हणाले, "सत्तर एकरांचे धनी तुम्ही,
तुमच्या केयीला कोण नावं ठेवणार?"
वर्ग हसला, हर्षलही हसला.
पुढची वही माझी होती.
कोणी हसलं नाही.
पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली
की आवाज वेगळाच येतो.

त्याच सत्तर एकरांत बाप घड वाहायचा,
खांद्यावर फाटक्या गोधडीची चुंबळ.
सुट्टीत मीही जायचे, ट्रकमध्ये पाला अंथरायला.
केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो,
लागलाय हेसुद्धा कळत नाही.
दोन दिवसांनी काळा पडतो,
मग लिंबू चोळा, राख चोळा.
"आंघोळ करून येत जा गं," बाई म्हणाल्या,
माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघत.
मी पहाटेच पाटावर जाऊन आले होते,
केस अजून ओले होते.

जुलैत क्लार्क यादी घेऊन वर्गात यायचे.
"सवलतवाले, उभे राहा."
खजान, रेलसिंग, मी, मागच्या बाकावरचे दोघे.
बाकीचे मान वळवून आम्हाला मोजायचे.
दिवाळीनंतर खजान उठलाच नाही,
गुजरातेत गेला म्हणाले, ऊस तोडायला.
हजेरीत त्याचं नाव मात्र मार्चपर्यंत पुकारलं जायचं.

बापाला सांगितलं, मला नाही जायचं शाळेत.
तो घड उतरवत होता. खाली ठेवून म्हणाला,
"उभं ऱ्हावाले काय लागस?
पाय तं आपलाच शेतस."

आता टेबलापलीकडे मी बसते.
चोपड्याहून वर, सातपुड्याच्या पायथ्याची दोन खोल्यांची शाळा,
शनिवार, वह्यांचा गठ्ठा,
आणि रेवलीच्या वहीत, तिसऱ्या ओळीत, गोल अक्षरात:
केयी.

ती समोर उभी आहे. बोटं मुठीत.
मी पट्टी कपाटातच ठेवते, पण तेवढ्याने काय होतं.
हिचा पेपर पुढे दुसरंच कोणी तपासणार,
त्याला केयी माहीत असेल, नसेल.
मी लाल पेन उचलते,
बाजूला केळी लिहिते,
आणि केयीवर रेघ मारते, बारीक,
दिसणारही नाही अशी.

रेवली वही घेऊन जाते, खाली न बघता.
दोन दिवस थांबून बघायला हवं.