फुंकर

आमच्या गावात जमीनच उकळते.
परसात गंधकाचा वास, कुंपणापाशी वाफ.
शेजारची हाल्डोरा राईचा पाव
डब्यात घालून गरम मातीत पुरते
आणि रविवारी अर्धा आम्हाला आणून देते.

त्या दिवशी मी एक मोजा शोधत होतो.
निळा, लोकरीचा, डाव्या पायाचा.
स्वाला दारात उभी होती एकच मोजा घालून,
मग नव्हती.

मोजा सोफ्याखाली सापडला.
हे मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं,
जणू त्यांना तेच हवं होतं.

रेक्याविकच्या वॉर्डात अठ्ठेचाळीस रात्री.
ड्रेसिंग बदलताना सिग्रून आत जायची,
मी बाहेर, कॉफीच्या मशिनपाशी,
कागदी कप मोजत.
तिनं कधी काही विचारलं नाही.
ते न विचारणं अजून
चौथ्या माणसासारखं आमच्यात जेवायला बसतं.

स्वाला आता सात वर्षांची.
गुडघ्याखालची कातडी गार झालेल्या लाव्ह्यासारखी,
असं तीच वर्गात सांगते, ऐटीत,
आणि पोरांना हात लावू देते
मोजून पाच सेकंद.

ती बरी झाली. तसं कागदावर लिहिलंय.
माझा कागद निराळा.
झोप? दचकणं? तेच तेच दिसतं का?
शून्य ते चार.
मी किटलीबद्दल लिहीत नाही.
घरातले सगळे मोजे आता पांढरे, एकसारखे आहेत,
कुठलाही कुठल्याही पायात चालावा म्हणून,
तेही लिहीत नाही.
शून्य, शून्य, शून्य.

आज शाळेचा पोहण्याचा तास.
उघडा तलाव, भुरभुरता बर्फ,
पाण्यावर वाफ.
मी जाळीला धरून उभा, बोटं आत रुतलेली.
स्वाला काठावरून वळून बघते.
"बाबा, कोमट आहे!"
आणि उडी.

पोळली ती.
फुंकर मी घालतोय, चार वर्षं,
दिसेल त्या पाण्यावर.

तासाभरानं ती बाहेर येते,
केसांच्या टोकांवर बर्फ,
एक पाय उघडा.
"दुसरा सापडत नाही."

माझ्या खिशात दोन जादा मोजे आहेत.
नेहमी असतात.
हात खिशात जात नाही.
मी तिला उचलून घेतो,
जड झालीये, ओली, हसतेय,
आणि तो उघडा पाय
कोटाच्या आत, पोटाशी धरून
तसाच गाडीपर्यंत चालत जातो.