संहितेच्या तीन प्रती

फॉर्मवर छापलेलं: संहितेच्या तीन प्रती जोडाव्यात.
त्याखाली चौकट: नाट्यप्रकार (कोणताही एक).
मिठबावकर सरांनी पेनाचं टोपण चावलं
आणि फॉर्म फाइलीत परत सारला, उद्यावर.

आमचं नाटक तरीचं.
पूल झाला आणि बंद पडली त्या तरीचं.
खाडीच्या अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे रत्नागिरी,
अकरावी कला मात्र दोन्ही काठांची मिळून एकच,
आणि सामान म्हणून वर्गातलं एक बाकडं.

दुर्वेश म्हणाला, "संहिता कित्याक व्हयी?
दशावतारात जेवताना गोष्ट ठरयतत,
बोलणा तोंडार येता तसा."
त्याचा काका रात्री द्रौपदी होतो
आणि सकाळी डेपोत एसटीची चाकं बदलतो,
कधी कधी भुवया पुसायच्या राहतात.

प्रथमेश गोरिवले नमनातला.
गणाशिवाय पाऊल उचलेना.
मग त्याची गवळण आम्ही धक्क्यावर आणली,
मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, डोक्यावर सुक्या बांगड्यांच्या पाट्या,
आणि पेंद्या आडवा: आधी भाडं, मग तर.
इथे सगळे हसले. इथवर सोपं होतं.

भांडण संकासुरावरून लागलं.
तो यांचाही, त्यांचाही,
दोन्हीकडे काळा, दोन्हीकडे टोकदार टोपी.
दोन तालमी त्यातच गेल्या.
शेवटी दोघेही ठेवले:
एक भरती, एक ओहोटी,
आणि बाकड्याला दोन्ही बाजूंनी खेचायचं ठरलं.

नाझिया बोरकर तोवर गप्प होती.
मग म्हणाली, "माझे आजोबा नाचले नाहीत कधी."
बाकड्यावर बसली, हातात काहीच नसताना
बांबू चिखलात रोवला, ढकलला, उपसला,
त्यावरचं पाणी झटकलं. पुन्हा रोवला.
चार मिनिटं.
मृदंगवाल्याचा हात चामड्यावर तसाच राहिला.
या प्रकाराला काय म्हणतात, मी सरांना विचारलं.
सर म्हणाले, "आधी पंखा बंद कर."

गौरांगीचा गळा संगीत नाटकाचा,
"चहा घेणार?" एवढ्या वाक्यालाही ती तान घ्यायची.
तिला पलीकडच्या काठावर उभं केलं.
तिथून तरीला हाक मारायला
लांब जाणारा आवाज लागतोच.

मी प्रॉम्प्टर.
बोलणं रोज बदलणाऱ्या नाटकाची प्रॉम्प्टर.
माझ्या वहीत एकच ओळ पक्की: होऽऽ तरीऽऽ.
तीच मी तीन कागदांवर लिहिली,
सरांनी तिन्ही स्टेपल केले.
चौकट तशीच कोरी गेली.

देवगडच्या हॉलात, ऐन वेळी,
गौरांगीचं तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही.
नाझिया पाठमोरी, बांबू रोवून थांबलेली.
दोन्ही संकासुर माझ्याकडे बघतायत टोपीच्या भोकांतून.
म्हणून विंगेतून मीच ओरडले,
बेसूर, मच्छी लिलावात ओरडावं तशी:
होऽऽ तरीऽऽ.

आणि प्रेक्षकांतून, मागच्या रांगांतून,
कुणीतरी अगदी सवयीने उत्तर दिलं:
"इलंय गेऽऽ, थांब."

हे कुणीच बसवलेलं नव्हतं.
नाझियाची मान वळली.
भरतीने बाकडं सोडलं,
ओहोटी खेचायची विसरली.
फक्त दुर्वेश, रक्तातच ते असल्यामुळे,
काळ्या टोपीतून बोलला,
"बेगीन ये मेल्या, पूल येताहा!"
आणि हॉल खदखदला,
मग कसा कोण जाणे, एकदम शांत झाला.

परीक्षकांनी लिहिलं: शैलीत एकवाक्यता नाही.
बरोबरच आहे ते.
उत्तर कोणी दिलं, ते आम्ही शोधलं नाही.
नाझियाने शोधलं असेल,
तिने सांगितलं नाही.

परतताना टेम्पोत बाकडं उलटं, पाय वर,
त्या चार पायांमध्ये प्रथमेश झोपलेला.
पूल आला.
या काठापासून त्या काठापर्यंत पंचवीस सेकंद.
मी मोजले.