इथे हात लावू नये

मार्चचा तिसरा गुरुवार. रिद्धिमाचा फोन :
"मॅडम, तुमच्या टीमचा आलेख
अजून घंटेसारखा दिसत नाही."
नऊ माणसं. दोघं वर, सहा जण पोटात,
आणि एकाला काठाखाली जावंच लागतं.
मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची
हे शाळेत विचारायचे.
घंटेखाली कोणतं मांजर ठेवायचं
हे विचारलं जायला मी हिंजवडीपर्यंत आले.

तिसऱ्या फेजच्या सातव्या मजल्यावरून
माणच्या बाजूची टेकडी दिसते
आणि तिला झाकत चाललेली एक इमारत.
तिच्या चौदाव्या मजल्यावर माझं घर आहे,
म्हणजे सध्या बांबू आहेत. हप्ता मात्र पूर्ण आहे.
हे मी सबब म्हणून सांगत नाही.
सांगतेच आहे.

टिल्लू. दिगंबर टिल्लू, वय एक्कावन्न.
स्वारगेटहून सहा पन्नासची कंपनीची बस,
डावीकडची खिडकी, जिथे ऊन येत नाही.
मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, माइक बंद,
शेवटी फक्त "ठीक."
नवं काही शिकत नाहीत, असं मी लिहिलं.
पुढाकार नाही, असं लिहिलं.
"दृश्यमानता कमी" हे रिद्धिमाने सुचवलं
आणि मला हायसं वाटलं,
कारण ते ऐकताना घाटातलं धुकं डोळ्यांसमोर येतं,
माणूस येत नाही.

आमच्याकडे मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं.
राजगडावर मुलाखती, तोरण्यावर वाढदिवसाचे केक,
सिंहगडावर हे.
(गड कोणाचा, गेलं कोण, यावर त्या खोलीत
कोणी विनोद करत नाही.)
मी चौदा मिनिटं बोलले.
मग त्यांनी विचारलं,
"डबा फ्रीजमध्ये आहे. तो घेऊन येऊ,
की आधी कार्ड द्यायचं?"

आधी कार्ड द्यायचं होतं.
डबा सिक्युरिटीच्या मुलाने खाली नेऊन दिला.

जुलैची एकतीस. रात्रीचे दोन चाळीस.
ओस्लोतल्या अकरा हजार माणसांचा पगार
आमच्याकडे कुठेतरी अडकलेला.
उरलेले आठही जण कॉलवर, कोणाचं तरी बाळ रडतंय,
आणि तन्वीर म्हणतो, "मॅडम, ही फाइल
आपल्यापैकी कोणी कधी उघडलेलीच नाही."

उघडली. कोडच्या मधेमधे, देवनागरीत :

इथे हात लावू नये.
लावल्यास जबाबदारी आपली.

चाळीस ओळी खाली :

लीप वर्षात हा भाग कुरकुरतो. कुरकुरू द्यावा.

आणखी खाली :

वरची अट मूर्खपणाची आहे हे मान्य.
साहेबांना हवी होती. २०११.

(साहेब आता सिंगापूरला असतात. अट इथेच आहे.)
आणि अगदी तळाशी, दहा आकडे, आणि

अडल्यास फोन करावा. दुपारीही चालेल.

तन्वीर हसला, मग गप्प झाला.
तो कोंढव्यात वाढलेला. या गावात कोणी
आपली दुपार देऊ करतं म्हणजे काय देतं,
ते त्याला कळलं.
इंदूरच्या आणि कोईमतूरच्या मुलांना
मी समजावून सांगितलं नाही.

फोन लावण्याआधी मी एक वाक्य तयार केलं होतं.
त्यात "एवढ्या रात्री" होतं, "खरं तर" दोनदा होतं,
आणि मार्चबद्दल काहीतरी, जे अजून नीट जुळत नव्हतं.
दुसऱ्या रिंगला उचलला.
"बोला मॅडम. कितव्या ओळीवर आहात?"

मी ओळ सांगितली.
पलीकडे पंखा फिरत होता. कागद शोधल्याचा आवाज.
मग झोपेतला, बाईचा : "कोण आहे हो?"

"ऑफिस," ते म्हणाले.