आठ वाजताचा आकडा

सकाळी आठला फोन वाजतो.
मी सिंचन भवनात, तिसऱ्या मजल्यावर,
चहाचा कप रजिस्टरपासून लांब सरकवतो
आणि पेनचं टोपण काढतो.

पलीकडून चांगुणा ढेबे.
पानशेतच्या मागं, एसटी जिथून वळून परत येते
त्याच्याही पुढं तिची वाडी,
आणि रेंज लागते ती वाडीच्याही वर,
शेंदूर फासलेल्या दगडापाशी.
तिथं ती इरलं घेऊन उभी राहते.
आधी वारा बोलतो, मग ती:
“लिहा. एकशे ब्याऐंशी.”

मी लिहितो. साहेब बघतात.
दुपारी खडकवासल्याची दारं उचलतात,
भिडे पुलावर पोलीस दोरी बांधतो,
नदीपात्रातल्या गाड्या
शिव्या देत देत बाहेर निघतात,
सिंहगड रोडला कुणी बाई
गव्हाचा डबा पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवते.
यातलं कुणीच चांगुणा ढेबेला ओळखत नाही.
मीही तसा नाहीच. सात वर्षं नुसता आवाज.

एकदा विचारलं, उन्हाळ्यात काय करता?
“शून्य बघते.”
“रोज?”
“मग? बसल्या जागी शून्य कसं कळणार?”
जरा थांबून म्हणाली,
“आमच्याकडं टँकर मंगळवारी येतो.
तुमच्याकडं?”
मी म्हणालो, आवाज येत नाहीये.

छापील तक्त्यात तिच्या वाडीला नाव नाही.
सगळ्यात खाली एक ओळ आहे: ‘इतर’.
तिथंच लिहीत आलो.
पाणी तक्ता वाचत नाही.
ते ‘इतर’पासूनच सुरू होतं.

परवा आठला फोन आला नाही.
साडेआठ. नऊ. साहेब दोनदा येऊन गेले.
वर घाटात रात्री काय झालं
ते अख्ख्या पुण्यात कुणाला सांगता येईना.
एकजण म्हणाला, कालचाच टाका.
दुसरा म्हणाला, सरासरी काढा.

दहा वीसला ती आली, धापा टाकत:
“रेडकानं मापाला धडक दिली हो. सांडलं सगळं.”
“अंदाजे सांगा की. दीडशे?”
“अंदाजे कसं?
खाली माणसं राहतात ना तुमची.”

त्या चौकोनात मी आडवी रेघ मारली.
मग ‘इतर’ खोडलं,
आणि तिला वाडीचं नाव विचारलं.
तिनं सांगितलं.
नेमका वारा मधे आला.
परत विचारलं.