पोटखराब

सातबाऱ्यावर आमच्या सड्याला एकच शब्द आहे:
पोटखराब.
क्षेत्र सेहेचाळीस हेक्टर. पीक नाही.

मी खाडीकडच्या वाडीतली, ग्रामपंचायतीत कंत्राटी,
मानधन तीन महिने थकलेलं.
जैवविविधतेची नोंदवही मार्चअखेर द्यायची होती,
म्हणून छत्री, बाटली, प्लॅस्टिकची फाइल घेऊन
घाटीने चढले, साऊ वरकच्या मागोमाग.
वय विचारलं तर म्हणाली,
"ह्यो बेहडा माझ्या कमरंएवढा व्हता."
बेहड्याचा शेंडा बघताना माझी छत्री पडली.

वर काहीच नव्हतं.
तव्यासारखा तापलेला काळा कातळ,
चपलेतून पाय भाजत होते.
"इथं काय लिहू, आजी?"
ती उकिडवी बसली, भेगेत बोट घातलं,
म्हणाली, "हळू बोल. झोपल्यात."

मग ती सांगत गेली, मी लिहीत गेले.
तिची नावं वेगळी,
मी पुस्तकातली शोधून शेजारी टाकली:
मिरगाच्या आसपास दीपकाडी, पांढरी, चार दिवसांची पाहुणी.
डबक्यात वायतुरा.
श्रावणात सीतेची आसवं,
सगळ्या कातळावर निळी साय धरल्यासारखी.
ही फुलं किडे खातात, मी माहिती दिली.
"मंग? त्यास्नी काय रेशन हाय?"
दगडाखाली देवगांडूळ, ज्याला लोक साप म्हणून ठेचतात.
खाली राईत चापडा,
फांदीवर फांदीच होऊन बसलेला.

रकाना सात: उपयोग.
हिरडा, खोकल्यावर. शिकेकाई, केसांना.
धनेश?
साऊ हसली. "मादी ढोलीत जाती, तोंड लिंपून घेती.
नर रानभर हिंडून फळं आणतो, बिया टाकत येतो.
ही राई कुणी लावली? तुझ्या सायबानं?"
मी लिहिलं: वृक्षलागवड.
देवगांडूळ?
ती बराच वेळ गप्प.
"त्यालाच इचार," म्हणाली,
"ह्या म्हातारीचा उपेग काय."

पलीकडच्या सड्यावर चिऱ्याचं मशीन चालू झालं.
तोही पोटखराबच होता.
आता तिथे चौकोनी खड्डे आहेत, तांबडे, सरळ कडांचे,
पावसाळ्यात त्यातून गाळ उतरतो खाडीत.
माझी आई ओहोटीला टोपली घेऊन जाते
आणि अर्ध्या तिसऱ्या मेलेल्या आणते,
उघडून बघितल्या की आत लाल चिखल.
आमची विहीर माघातच तळ दाखवते हल्ली.
आम्ही भटजींना विचारलं, बोअरवाल्याला विचारलं,
वर मान करून कुणी बघितलं नाही.

साऊने माझी बाटली घेतली,
घोटभर पाणी भेगेत ओतलं.
लगेच दिसेनासं झालं.
"गेलं तुमच्याकडं," ती म्हणाली.
"चार म्हैन्याचं पितो ह्यो, आन् आठ म्हैनं सोडत ऱ्हातो."
म्हणजे आमची विहीर इथून सुरू होते,
मी चौतीस वर्षांची झाल्यावर मला कळलं.
आणि ज्याने पोट भरून ठेवलं
त्याचंच पोट खराब लिहिलं
कुण्या तलाठ्याने, घोड्यावरून, सावली शोधत.

माहिती देणाऱ्याची सही पाहिजे होती.
स्टॅम्पपॅड उन्हाने सुकलेलं, तिने त्यावर थुंकी लावली,
अंगठा टेकला.
चुकून रकाना सातवर, देवगांडुळासमोर.
खाडाखोड चालत नाही, तसंच राहू दिलं.

तालुक्याहून वही परत आली आहे,
लाल शाईत शेरा:
"रकाना ७ मध्ये डाग. कारण काय? सात दिवसांत खुलासा करावा."

महोदय,
तो डाग नाही.
त्याच्या रेषा भिंगातून बघाव्यात,
कातळावरून पाणी उतरतं तशा आहेत.
खाणीचा नवा ठराव पुढच्या ग्रामसभेत येणार आहे.
साऊ वरक खाली येणार म्हणते, गुडघे दुखत असले तरी.
विहिरीचं माप सोबत जोडलं आहे.
बाकी जागा अपुरी पडली
म्हणून मागच्या बाजूला लिहिलं आहे.