लष्करच्या भाकऱ्या

पुण्याची मावशी फोनवर म्हणते,
कशाला भाजतेस लष्करच्या भाकऱ्या?
मावशी, मी लष्करातच राहते.
जिन्सी नाला नंबर दोन, लष्कर, ग्वाल्हेर.
पलीकडे कंपू, त्याच्या पुढे छावणी.
दोनशे वर्षांपूर्वी फौजेनं इथं तंबू ठोकले
ते उपटायचे राहून गेले,
आम्ही त्यांच्याच दोऱ्यांवर कपडे वाळत घालतो.

तर यंदाचं अधिवेशन आमच्याकडे.
अखिल भारतीय माजी खेचर-चालक संघटना, वर्ष एकतिसावं.
कंपूतलं मॅरेज गार्डन, सकाळी आठ ते चार,
संध्याकाळी तिथं लग्न, म्हणून निम्म्या भाड्यात.
कमानीवर आधीच फुलांत लिहिलेलं : शिवम वेड्स पलक.
तिच्याखालून, धुक्यातून, आत येतात
एकशे चौदा म्हातारे,
मफलरवर मेडलं, कानात यंत्रं.

पौडीचे खुशालसिंह नेगी, तीन गाड्या बदलून.
मदुराईचे मुनियांडी, माकडटोपी उलटी घातलेली.
पुंछहून शरीफचाचा, पिशवीत अक्रोड.
छपऱ्याचे रामसकल गेल्या पावसाळ्यात गेले,
पत्र परत आलं नाही म्हणून आम्हाला कळलंच नाही.
नातू आला आहे त्यांचा. विचारतो,
मी कुठं बसू?

बाबा खजिनदार. शिल्लक अठ्ठेचाळीस हजार दोनशे.
चहाचा कप त्यांच्या हातात बशीवर वाजत राहतो,
दोन वर्षं झाली, मी अर्धाच भरते.
माइकवर म्हणतात, आपण सगळी खोगीरभरती!
मग तोच विनोद हिंदीत सांगतात
आणि तो वाटेतच सांडतो.
हसते ती मी एकटी.

ठराव पाचवा, मुनियांडींचा, दरवर्षीचाच :
जी जनावरं वर बर्फात राहिली
त्यांचे खुरांवरचे नंबर एका दगडावर कोरावेत.
नंबर त्यांना पाठ आहेत. ते म्हणू लागतात.
प्रमुख पाहुणे घड्याळ बघतात, भावना समजतात.

साडेतीनला वरातीची घोडी आली.
पांढरी, जरीची झूल, कपाळावर आरसे,
लगाम धरलेला पोरगा मोबाइलमध्ये.
मंडपाच्या खांबाला बांधली.

आधी नेगी उठले. मग मागची रांग.
मग खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज,
आणि ठराव तसाच माइकसमोर उभा राहिला.

कुणी दात बघितले, कुणी कान चाचपले.
शरीफचाचांनी तंगाखाली बोटं घातली :
दोन बोटंसुद्धा जात नाहीत.
खोगीर उतरवलं. खाली तळहाताएवढी जखम.
पाच भाषांत शिव्या खाल्ल्या त्या पोरानं
आणि त्याला पाचही कळल्या.
मुनियांडी आचाऱ्याकडून हळद घेऊन आले,
लग्नाचीच असणार.

बाबांनी पुढचा डावा पाय मागितला.
मागितला म्हणजे, गुडघ्यामागे बोटं टेकली,
आणि तिनं दिला.
खूर मांडीवर घेऊन चमच्याच्या दांडीनं
खडा काढत बसले.
मी बशी वाजायची वाट बघत होते.

नंतर खुरावरून अंगठा फिरवला त्यांनी,
जिथं नंबर असतो तिथं.
काही नव्हतं.
तरी एकदा परत फिरवला.

इतिवृत्तात मी लिहिलं :
ठराव क्रमांक पाच, वेळेअभावी पुढील वर्षी.
नवरदेव म्हणे गाडीतून आला.

रात्री स्टेशनवर शिदोऱ्या वाटल्या,
बाजरीच्या भाकऱ्या, तीळ लावून, माणशी दोन.
मोजून केल्या होत्या मी पहाटे तीनपासून,
तरी रामसकलच्या नातवाला एक कमी पडली.
नेगी गाडीच्या दारातून ओरडले,
बेटी, एक उसको दे दी थी.