येतोस तर असा ये

लाव्हापिएस स्टेशनला उतरू नकोस.
तिथला सरकता जिना बंद पडलाय, आणि तुझे बूट
फोनवरूनसुद्धा महागाचे वाटतात.
वरच्या अंगाला अंतोन मार्तीन आहे, तिथे उतर.
तिथून नुसता उतार. माद्रिदमध्ये इतकं फुकट
दुसरं काही मिळत नाही.

आवे मारिया नावाचा रस्ता धर.
मधोमध चाल. पहिल्या मजल्यावरचा तादेओ
दुपारी उठून पाणी घालतो,
कुंड्यांनाच घालतो असं नाही.
बाहुल्या करतो तो. ब्युनोस आयर्सहून
एका हंगामापुरता आला, त्याला एकोणीस वर्षं झाली.
खिडकीत लाकडी हात वाळत असतील, घाबरू नकोस.
माझी छत्री त्याच्याकडे राहिलीय. घेऊन ये.

पुढे डावीकडे लुत्फुरचं दुकान.
पाटी तीन भाषांत, उधारीची वही चौथीत.
सिल्हेटचा आहे. 'सेन्योरा' म्हणताना
शेवटचा 'रा' अंडं ठेवावं तसा ठेवतो.
कोथिंबिरीची जुडी, माझ्या नावावर.
पैसे विचारू नकोस, तो लाजतो.
त्याचा धाकटा तुला जवळचा रस्ता सांगू पाहील.
ऐकू नकोस. पोरगं हुशार आहे.

आता चढ लागेल.
हो, मी उतार म्हणाले होते.
भिंतीवर एक निळी बाई दिसेल, दोन मजले उंच.
चौघांनी मिळून रंगवली, नाकावरून भांडले,
म्हणून नाक नाही.
ती बघते तिकडे वळ.

आवा न्दियायच्या खाणावळीचा वास आधी येईल, दार नंतर.
सांग: अंगुस्तियास, तिसरा मजला.
ती डबा देईल, मासे आणि लाल भात.
चटके बसतील, खाली काहीतरी धर.
तुझी ती कागदांची बॅग चालेल.

चौकात ढोल वाजत असतील. सराव आहे,
कशाचा ते त्यांनाही ठाऊक नाही.
बाकावर ह्लीमा, गुडघ्यांना ऊन देत बसलेली.
तेतुआनची. आमचं अठरा वर्षांचं बोलणं
निम्मं खुणांचं, निम्मं तक्रारींचं.
खालच्या दाराची किल्ली तिच्याकडून घे.
तशा किल्ल्या पुष्कळांकडे आहेत,
पण असा पुदिना फक्त तिच्याकडे. तोही घे.

वाटेत कुणी विचारलं, कुणाकडे?
तर माझं नाव सांग.
कुणी विचारलं, कशाला?
तर काय सांगायचं ते तू ठरव.

आत अंगण आहे, भोवती सज्जे, चादरी.
सातांपैकी चार दारांना आता आकड्यांची कुलपं.
दर शुक्रवारी चाकांच्या बॅगा दगडांवर खडखडत येतात,
माणसं गोड असतात बिचारी,
येतात ती वायफाय विचारतात
आणि रविवारी कुणाचं नावही न घेता जातात.
तिसरा मजला. लिफ्ट नाही.
एक्कावन्न वर्षं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.
एकोणचाळिसावी पायरी हलते. मोजत ये.

दाराशी पोचशील तेव्हा
एका हातात छत्री आणि कोथिंबीर,
दुसऱ्यात डबा, काखेत पुदिना,
किल्ली बहुतेक दातांत.
कंपनीचं पत्र बॅगेत. बॅग डब्याखाली.
कोपरानं वाजव.
सही कुठे करायची ते मला माहीत आहे,
तुझ्याआधीही दोघं आले होते.
एकाने तर भांडी घासली.

आधी हातातलं खाली ठेवू.
भात दोघांना पुरतो.
तू खिडकीशी बस, तिथे वारा असतो.
खाली, अगदी पायाशी,
लाव्हापिएस स्टेशनचं तोंड दिसेल
आणि सरकता जिना,
एकेक माणूस वर आणत असलेला.